इबोसातल्या अंगठीचा तिसरा पुकारा

मानोंग पिलोंना, म्हणजे आमच्या पिलोदादांना, मुलांच्या वाढदिवसाला जादू करायला बोलावणं हळूहळू बंद झालं, त्याचं कारण त्यांचे हात नव्हते, तोंड होतं. हात सत्तरीनंतरही असे चालायचे की शेजारी उभी असून मीसुद्धा फसायचे. तोंडाचं मात्र काही खरं नव्हतं. दोरीचा खेळ काढला की दोरी हवेत तशीच धरून ते सुरू करायचे, "मुलांनो, हा खेळ रोहासच्या एका चपला विकणाऱ्यानं बसवला. देवमाणूस होता. मी तो त्याच्या जावयाकडून शिकलो. शेवटची गाठ तेवढी माझी." मुलं आधी दोरीकडे बघत, मग केककडे, मग एखादं भोकाड पसरे. मागून वाढदिवसाच्या मुलाची आई म्हणायची, "मानोंग, आइस्क्रीम पाघळतंय, आवरा की जरा." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "झालंच हं. जावयाचं नाव सांगायचं राहिलंय."

मी हे बारा वर्षं पाहिलं. मी विक, म्हणजे मारिविक ओक्ताव्हियानो. आठवडाभर एका दंतवैद्याकडे कवळ्यांचे साचे करते आणि शनिवार-रविवार लाल झगा घालून लोकांच्या पोरांना कागदाची कबुतरं काढून दाखवते. आमच्या इलोइलोच्या जादूगार मंडळाची सचिवही आहे. हे पद मला मानानं मिळालं नाही. निवडीच्या दिवशी मी उशिरा पोचले आणि तोवर बाकीचे माझं नाव लिहून मोकळे झाले होते. मंडळात माणसं सतरा, येणारी नऊ. ला पाझच्या बाजाराला लागून बाचोयचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं, दुकान आहे, त्याच्या माडीवर आम्ही महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी जमतो. खाली हाडांचा रस्सा उकळत असतो, त्यामुळे आमच्या सगळ्या रुमालांना आणि पत्त्यांच्या जोडांना डुकराच्या मटणाचा वास येतो.

या मंडळाला जी काही शिस्त आहे ती पिलोंची. कुणीही खेळ करायला उभं राहिलं की आधी तीन गोष्टी सांगायच्या. खेळ कोणाचा, शिकलो कोणाकडून, आणि त्यात माझं किती. आम्ही याला पिलोंची जपमाळ म्हणायचो. जुनरी नावाचा आमचा एक पोरगेला सभासद आहे, हॉटेलात पाहुण्यांच्या टेबलांवर पत्त्यांचे खेळ करतो. मला मानांग, म्हणजे ताई, म्हणतो. तो म्हणायचा, "मानांग विक, आपला खेळ दीड मिनिटाचा आणि जपमाळ पाच मिनिटांची. परवा एक बाई मला हळूच विचारत होती, कोण वारलं म्हणून."

दुसरा नियम पुकाऱ्याचा. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार जोडप्याची नावं पुकारतात ना, कोणाला हरकत असेल तर बोला म्हणून, तसंच. नवा खेळ माझा आहे असं कोणी म्हटलं की मी सचिव म्हणून लागोपाठ तीन बैठकांत त्याचं नाव वाचायचं आणि हरकत विचारायची. आधी कोणी केलेला निघाला तर पहिल्याचं नाव लागणार, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्यानं तो न बघता, न ऐकता, स्वतःच्या डोक्यानं शोधला असला तरी नाही. जुनरीनं एका खेळावर आठ महिने घालवले होते. दुसऱ्या पुकाऱ्याला पिलोंनी दवावचं एक पत्र काढून दाखवलं, तिथल्या एका शिक्षकानं तोच खेळ चौऱ्याऐंशी सालीच बसवलेला. जुनरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कुठं चोरला, मानोंग?" पिलो म्हणाले, "चोरला नाहीस, बाळा. पण आधी त्याचा." त्या दिवशी मला पिलोंचा रागच आला होता.

ते टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं लावत होते. कदाचित तिथलीच खोड असेल. एखादा खेळ कोणाचा ते कळेना की त्यांना झोप लागायची नाही. कुठल्या कुठल्या म्हाताऱ्या जादूगारांना, त्यांच्या विधवांना, मुलांना पत्रं लिहायचे. दहांतल्या आठांचं उत्तर यायचं नाही. बायको गेलेली, मुलगी रियाधला नर्स. घरी माणूस नाही, त्यामुळे त्यांना अडवणारंही कोणी नव्हतं. शेवटची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, आणि सुई लावलेली असताना दुसऱ्या हातानं मांडीवर पाटी ठेवून ते पत्रंच लिहीत बसायचे. नर्सा मला सांगायच्या, "तुमच्या मानोंगना जरा पडून राहायला सांगा." मी काय सांगणार? मलाच त्या पत्रांवर तिकिटं चिकटवून चिकटवून कंटाळा आला होता.

आता त्यांच्या एका खेळाचं सांगते. स्वतःचा असा त्यांचा एकच खेळ होता. पाहुण्यांतल्या कोणाची तरी अंगठी मागून घ्यायची, रुमालात धरायची, रुमाल झटकला की अंगठी नाही. मग टेबलावरच्या ताटातला कुठलाही इबोस उचलायला सांगायचं. चिकट तांदळाचा, नारळाच्या कोवळ्या पानात गुंडाळून उकडलेला, न सोडलेला इबोस. पाहुण्यानं स्वतःच्या हातानं पानाची पट्टी उलगडत जायची, आणि आत भातात रुतलेली अंगठी. कशी जाते ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की सगळी मेख पानाच्या एका वळणात आहे. पान एकाच जागी उलटं फिरवायचं.

ते वळण सुचलं कसं, हे ते नेहमी हसत सांगायचे. "एकोणऐंशी साल. ओतोनच्या बाजारात इबोस घेतला आणि बसची वाट बघत सोडत होतो. बघतो तर पान मधेच उलटं फिरलेलं. गुंडाळणाऱ्याची चूक. माझं बोट आत गेलं, आणि मी बस सोडून दिली. कोणाच्या तरी चुकीवर मी उभा आहे बघ."

आज सगळ्या पानाय बेटावर लग्नाबिग्नात हा खेळ होतो आणि एकजणही पिलोंचं नाव घेत नाही. मनिलाच्या एका टीव्हीवाल्यानं तर स्वतःचा म्हणून केला. पिलोंनी त्याला चार पत्रं लिहिली. उत्तर नाही. माणसानं जन्मभर दुसऱ्यांची नावं घेतली, तर आपलंही कोणी एकदा घ्यावं असं वाटणारच की. ते बोलून दाखवायचे नाहीत. पण कोणी तो खेळ करायला लागलं की जपमाळेच्या वेळी त्यांची मान जरा पुढे व्हायची, हे मी पाहिलेलं आहे.

मग दोन वर्षांपूर्वी पुस्तकाचं निघालं. बाकोलोदच्या एका मंडळानं ठरवलं की आमच्या बेटांवरचे सगळे खेळ, ज्यानं केले त्याच्या नावासह, एका पुस्तकात छापायचे. पानायचा भाग माझ्याकडे आला. इबोसाच्या खेळाचं पान मी सगळ्यात आधी तयार केलं. वर पिलोंचं पूर्ण नाव, तेओफिलो नुफाब्ले, इलोइलो, १९७९. पिलोंना दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. म्हणाले, "पुकारा झालाय का?"

"मानोंग, चाळीस वर्षं जग बघतंय. आता कसला पुकारा?"

"तेव्हा मंडळ नव्हतं, इंदाय. पुकारा राहिलाय. तीन महिने आहेत ना हातात?" इंदाय म्हणजे पोरी; मला ते नेहमी तशीच हाक मारायचे.

जूनमध्ये पहिला झाला, जुलैत दुसरा. हरकत कोणाची? जुनरी म्हणाला, "हरकत एवढीच की जपमाळ आता तुम्हाला ऐकावी लागणार." सगळे हसले. पिलो पण हसले.

जुलैच्या शेवटी मला पुस्तकातल्या फोटोसाठी चांगले इबोस हवे होते. शहरात आता कसेतरी दोन फेरे मारून विकतात. म्हणून मी जीपनी ओतोनला गेले. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, सगळे तिला नांग कारिंग, म्हणजे कारिंगताई, म्हणत होते. वय अठ्ठ्याहत्तर, दात तीन. दातांकडे माझं आधी लक्ष जातं, काय करणार. मी एकेक इबोस उचलून निरखायला लागले तशी ती म्हणाली, "काय गं, आत अंगठी शोधतेस की काय?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"माझे वडील काढायचे. सिप्रियानो मोनसाले. माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नात नवऱ्याची अंगठीच नाहीशी केली. आत्या रडायला लागली, पाद्री चिडला. मग त्या पाद्रीच्याच ताटातला इबोस सोडायला लावला. मी दहा वर्षांची होते. आत्या नंतर आठवडाभर वडिलांशी बोलत नव्हती."

बोलता बोलता तिचे हात पान गुंडाळत होते. एक फेरा, दुसरा, तिसरा, आणि मग बोटानं पान उलटं फिरवलं आणि परत सरळ घेतलं. मी ते वळण ओळखलं. मला पिलोंकडून ते शिकायला एक उन्हाळा लागला होता, आणि ही बाई माझ्याकडे बघत बघत करत होती.

"असं उलटं का?" मी विचारलं.

"वडिलांनी असंच शिकवलं. दुसरं मला येत नाही. ते ताडी काढायचे, गुडघे गेल्यावर इथं बसून हेच करायचे. ऐंशी साली वारले, तोवर याच दगडावर."

म्हणजे एकोणऐंशी साली पिलोंच्या हातात आलेला इबोस खुद्द त्या माणसानं दिलेला होता. ती चूक नव्हती. तो अख्खा खेळ होता, पानात गुंडाळलेला, आणि चाळीस वर्षं कुठल्या तरी माणसाची चूक म्हणून आम्ही त्याला हसत होतो.

मी दहा इबोस घेतले आणि तिथून निघाले. जीपमध्ये मांडीवर ते गरम पुडकं घेऊन मी ठरवलं की गप्प बसायचं. खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प. सिप्रियानो मोनसालेला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, त्याला पुस्तक काय नि मंडळ काय. पिलोंचा एक पुकारा राहिला होता आणि त्यांचे हातपाय सुजायला लागले होते. एवढं माझ्या हातानं झालं तर बिघडलं काय? मला स्वतःची लाज वाटली नाही. खरं सांगते, दमणूकच एवढी होती की लाजेला जागा नव्हती.

आठ दिवसांनी डायलिसिसच्या खुर्चीत बसून पिलो मला म्हणाले, "इंदाय, शनिवारी मी ओतोनला जाऊन येतो."

मी पटकन विचारलं, "कशाला?"

"ज्याची चूक होती त्याचं नाव शोधायला. पुस्तकातल्या त्या पानाखाली एक ओळ घालू. अमक्याच्या चुकीवरून सुचला. जपमाळेत कोणाचं नाव राहायला नको."

"अहो, चुकीचं श्रेय कोणी देतं का?"

"मी देतो."

"चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा इबोसवाला आता कुठं सापडणार? तुम्हाला धड जिना चढवत नाही. ऊन बघा. मी जाऊन येते, मी विचारते, बस?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातचलाखी करणाऱ्या माणसासमोर दुसरीकडे बघू नये, तिथंच सगळं कळतं. मी दुसरीकडे बघितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "नको. ज्याचा खेळ त्यानं जावं."

ऑगस्टच्या बैठकीला सगळे सतरा आले होते. कोणीतरी केक आणलेला. मी कागद घेऊन उभी राहिले आणि तिसऱ्यांदा वाचलं, इबोसातली अंगठी, तेओफिलो नुफाब्ले, एकोणीसशे एकोणऐंशी. कोणाची हरकत? विचारताना मी मान वर केली नाही. खाली रस्सा ढवळल्याचा आवाज येत होता. मग खुर्ची सरकली.

"माझी आहे," पिलो म्हणाले.

जुनरी हसला, त्याला गंमत वाटली. पिलो काठी धरून उभे राहिले आणि त्यांनी शनिवारी ओतोनला नांग कारिंगच्या घरी कळलेलं सगळं सांगितलं. सिप्रियानो मोनसाले, ओतोन. बहिणीच्या लग्नातला खेळ. मुलीचे हात. "तिला वळण माझ्याहून चांगलं येतं," ते म्हणाले. "मी ज्याला चूक म्हणत आलो ती त्या माणसाची करामत होती. माझं नाव काढा. पुढच्या महिन्यापासून त्यांचे पुकारे सुरू करा." मग बसले. केक कोणी कापला नाही.

जिन्यावर मी त्यांचा दंड धरला होता. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. "ती म्हणाली, आधी एक बाई येऊन गेली. दहा इबोस घेतले आणि तिथं एकही खाल्ला नाही. दात बघत होती म्हणे."

"हो," मी म्हटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला हवं होतं म्हणून."

"हवं होतं गं," ते म्हणाले. "फार हवं होतं." आणि मग पुढची पायरी उतरले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरमध्ये मी सिप्रियानो मोनसालेचं नाव वाचलं, ऑक्टोबरमध्ये वाचलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या पुकाऱ्याला पिलोंनी नांग कारिंगला बोलावून घेतलं. ती चर्चला जायचा ठेवणीतला झगा घालून आली आणि इबोसांची पाटी मांडीवर धरून बसली. पिलोंना दोघांनी खुर्चीसकट उचलून माडीवर आणलं होतं. त्यांचा चेहरा पिवळा पडला होता आणि दिवसभराचं बोलणं पाच-सहा वाक्यांवर आलं होतं.

मी वाचलं. हरकत विचारली. मग मी माझा स्वतःचाच हात वर केला.

"तुझी कसली हरकत?" जुनरीनं विचारलं.

"हा खेळ मानोंगनीही शोधला. कोणी शिकवला नव्हता. चव्वेचाळीस वर्षं केला. खाली का होईना, त्यांचं नाव लागलं पाहिजे." मला वाटलं होतं मी शांतपणे बोलेन. आवाज चढला.

नियमाबाहेरचं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मी जुनरीकडे बघितलं, कारण बोलायचा हक्क सगळ्यात आधी त्याचा होता. त्यानं हातातला पत्त्यांचा जोड एकदा पिसला. मग म्हणाला, "मला चालेल." त्याच्यामागे एकेक करत माना हलायला लागल्या. त्या दिवशीही सगळे आले होते, मी धरून सोळाच्या सोळा.

"मला नाही चालत," पिलो म्हणाले. "जुनरीला आपण काय सांगितलं होतं? खाली बस, इंदाय. लिही."

मी बसले आणि लिहिलं. एवढ्या रागानं मी कोणाचं नाव कधी लिहिलं नाही, आणि त्या बिचाऱ्या ताडीवाल्याचा त्यात काही दोष नव्हता.

नांग कारिंगला आमची भानगड नीट कळली नव्हती. वडिलांचं नाव वहीत गेल्याचं तिला मी दाखवलं, तिनं त्यावरून बोट फिरवलं, डोळे पुसले. मग पिलोंकडे वळून म्हणाली, "तुम्हीच घरी आला होतात ना, वडिलांचं विचारायला? तुमचं नाव काय म्हणालात? ते कुठं लिहिलंय यात?"

"माझं नाव पिलो," ते म्हणाले. "ते कुठं लिहायचं नसतं, मानांग."

मग त्यांनी मला खालून सगळ्यांसाठी बाचोय मागवायला सांगितलं. फार दमलोय म्हणाले.